मागच्या सीटवरचा अभ्यास

“डावीकडे टेंपो आहे हं, बाई,” मागच्या सीटवरून मिठू म्हणाली आणि तिने मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं.

लायब्ररीतल्या बाईंनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. शेजारी, शिकवणाऱ्याच्या सीटवर, मास्तर नाकासमोर बघत बसले होते. मिठूचं वाक्य संपतासंपताच त्यांनी आपल्या पायाखालच्या ब्रेकवर पाय टेकवला. गाडी मंदावली. टेंपो डावीकडून घुसला आणि हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

“बघा, कसली घाई असते लोकांना,” मास्तर म्हणाले. “आपण आपल्या चालीनं जायचं. बदला गिअर. क्लच पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण, बाई. पाहुण्यांच्या घरी ठेवल्यासारखा पाय ठेवू नका.”

“पूर्णच दाबलाय.”

“मग गाडी का ओरडतेय?”

“तिला मी आवडत नाही. तुमच्या त्या लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवायचा असतो, आणि माझा न् हिचा छत्तीसचा आकडा. मी तरी काय करू?”

मास्तर मोठ्यानं हसले. बाई लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. लायब्ररीतून निवृत्त व्हायच्या आत गाडी शिकायची असा त्यांनी पण केला होता, आणि मास्तरांनी तो आपलाच असल्यासारखा मनावर घेतला होता. मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एकच आणि मास्तरही एकच. मिठू त्यांची मुलगी. लहानपणी दिवसभर पोपटासारखी बोलायची म्हणून पडलेलं नाव कॉलेजात जायचं वय झालं तरी सुटलं नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली तशा बाईंनी आरशातून मागे पाहिलं.

“मग तुझं काय ठरलं गं? पुन्हा देणार परीक्षा?”

“ठरायचं काय त्यात?” मास्तरच म्हणाले. “देणार. पोरीत दम आहे. एक दिवस वाईट गेला म्हणून काय हातपाय गाळून बसायचं? तुम्ही बसलात का?”

“माझं सोडा हो. मी नापास झाले तर फार तर बसनं जाईन.”

मिठू हसली नाही. उजवीकडून सायकलवरची एक बाई गाडीला खेटून पुढे येत होती. “उजवीकडे सायकल,” मिठू म्हणाली. सिग्नल सुटला.

मोठ्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला हजारो मुलं बसायची आणि आत जायची ती मूठभर. मिठू त्या मुठीत असणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. शाळेत गणिताच्या बाईंनी तिची उत्तरपत्रिका वर्गात फिरवली होती, सराव परीक्षांत तिचं नाव पहिल्या पाचांत असायचं. खऱ्या परीक्षेत मात्र ती इतकी मागे पडली की निकाल बघणाऱ्याला वाटावं, दुसऱ्याच कुणाचे मार्क आहेत. एका लांबच्या गावातल्या साध्या कॉलेजनं तिला त्या मार्कांवर जागा दिली होती. पुन्हा परीक्षेला बसायचं तर ती जागा सोडावी लागणार होती, आणि जागा घेतली तर पुन्हा बसता येणार नव्हतं. काय ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी नेमकं काय झालं ते मिठूनं कुणाला सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये ती मधल्या रांगेत होती. पहिला प्रश्न वाचायला घेतला आणि तिला कळलं, डावीकडच्या मुलीनं पेनाचं टोपण खाली पाडलंय. दुसरा प्रश्न वाचताना उजवीकडून पर्यवेक्षक येत होते. ते कुठवर आले, कधी वळले, दाराशी कोण उभं राहिलं, खिडकीतल्या पडद्याचं कोणतं टोक हललं, तिला सगळं दिसत होतं. दिसत नव्हता तो मधला कागद. ती नजर ओढून कागदावर आणायची आणि ती पुन्हा कडेला पळायची. वर्षभर तिनं नजरेला तेच शिकवलं होतं.

सुरुवात अगदी साधी झाली होती. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम निघालं, दिवसभर ठोकाठोक चालायची. आई म्हणाली, “बाबांच्या गाडीत मागे बसून अभ्यास कर ना. तेवढंच फिरणंही होईल.” मिठू पुस्तक घेऊन बसायला लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फुटपाथवरून एक माणूस खाली उतरला, गाडीच्या अगदी डाव्या कोपऱ्यापाशी. शिकणारा नवखा, त्याचं लक्ष गिअरकडे. मास्तर मात्र समोर बघत होते. त्यांचा चेहरा जराही वळला नाही. माणूस त्यांच्या खांद्यापासून दोन हातांवर होता आणि त्यांच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच.

“बाबा, माणूस!”

ब्रेक लागला. थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, “दिसला होता मला.”

नंतर मिठूला एकेक गोष्ट कळत गेली. ताटाच्या बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला ते हातानं चाचपायचे. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं, लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षरसुद्धा. नव्हत्या त्या फक्त कडा. जणू कुणी त्यांच्या डोळ्यांना नळ्या लावल्या होत्या. वरच्या मजल्यावरचं काम संपलं तरी मिठू गाडीत बसतच राहिली. तिला कुणी नको म्हटलं नाही, का बसतेस असंही विचारलं नाही. ती म्हणायची, “डावीकडे,” आणि त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. तिला वाटायचं, दोघांनी न बोलता एक गोष्ट ठरवली आहे.

त्या साध्या कॉलेजनं वसतिगृहातल्या खोलीचा फोटो पाठवला होता. दोन लोखंडी पलंग, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून नुसतं मैदान दिसत होतं. मिठू तो फोटो मोबाइलवर उघडून बघत राहायची. त्या मैदानातून काहीही येत-जात नव्हतं.

बुधवारी सकाळी पुन्हा बाईंचीच वेळ होती. त्या दिवशी मिठूनं जुनी प्रश्नपत्रिका बरोबर घेतली. पुन्हा बसायचं तर निदान आपल्याला येतंय की नाही ते बघू, एवढंच तिच्या मनात होतं. कॉलनीतला मोकळा रस्ता लागला तेव्हा तिनं मान खाली घातली. गोल टेबलाभोवती माणसं बसवायचं गणित होतं, दोन भाऊ शेजारीशेजारी येता कामा नयेत असं. तिनं भावांना एकत्र बांधून ठेवलं, मग सोडवलं, मग वजा केलं. कितीतरी महिन्यांनी तिला आकडे आपसूक आपापल्या जागी जाऊन बसताना दिसले. आजूबाजूचं सगळं गप्प झालं. उत्तराची शेवटची ओळ लिहायला तिनं पेन टेकवलं.

गाडी कचकन थांबली. मिठूचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापाशी एक रंगारी उभा होता. त्याच्या खांद्यावर लांब शिडी होती आणि शिडीचं टोक काचेपासून हातभर अंतरावर हलत होतं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. चूक आपलीच असल्यासारखा त्यानं एक हात वर केला, दोन पावलं मागे सरकला आणि फुटपाथवर चढला.

“बाई!” मास्तर वैतागून म्हणाले. “मोकळ्या रस्त्यात असा ब्रेक मारतात का? मागून येणारा आदळला असता. समोर काही आहे का? काही नाही. कारण नसताना ब्रेक मारायचा नाही, हे किती वेळा सांगू?”

बाईंचा पाय अजून ब्रेकवरच होता. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पलीकडे, खिडकीबाहेर शिडी सावरत उभ्या असलेल्या रंगाऱ्याकडे. मग हळूच आरशात.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

परतताना मास्तरांनी पंपावर गाडी थांबवायला सांगितली आणि हवा भरून घ्यायला उतरले. बाईही उतरल्या. त्यांनी मिठूला खुणेनं बाजूला बोलावलं. दोघी पाण्याच्या नळापाशी उभ्या राहिल्या. मास्तर चाकापाशी वाकून हवा भरणाऱ्याशी काहीतरी बोलत होते.

“तू मागून सांगतेस ते माझ्यासाठी नसतं,” बाई म्हणाल्या.

मिठूनं बंदच असलेला नळ आणखी घट्ट पिळला.

“मला वाटायचं, मी इतकी भयंकर चालवते की या पोरीला राहवत नाही. त्या धसक्यानंच निम्मी नापास झाले मी.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. “कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“त्यांना माहीत आहे?”

“आम्ही बोलत नाही त्यावर.”

“आज तू बघत नव्हतीस.”

“गणित सुटत होतं,” मिठू म्हणाली. हे वाक्य उच्चारताना तिचा आवाज चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

बाईंनी तिच्या कपाळावर आलेल्या टेंगळाला बोट लावून पाहिलं. “सुटलं?”

“हो.”

“मी भित्री आहे म्हणून वाचला तो माणूस. पान हललं तरी माझा पाय ब्रेकवर जातो. उद्या या जागी कुणी धीट शिकाऊ असेल.” त्यांनी चाकापाशी वाकलेल्या मास्तरांकडे एकदा वळून पाहिलं. “हे कुणाला तरी सांगायला हवं, मला कळतं. माझ्याच्यानं होणार नाही. मास्तरांच्या तोंडावर तर नाहीच. मी यायचं बंद करते, तेवढंच जमेल मला. निवृत्तीच्या वयात आता बसच बरी.”

“बाई, तुम्ही येत जा ना.”

“आणि एक सांगू? तू पुन्हा परीक्षा दे, नको देऊ, मी कोण सांगणारी? पण दिलीस तर अभ्यास कुठे बसून करणार आहेस?”

पलीकडे मास्तरांनी हात झटकले आणि हाक मारली, “चला, मंडळी!”

संध्याकाळी ती आईच्या दुकानात गेली. आई औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दुकानात गर्दी होती. आई एका आजोबांना गोळ्या समजावून सांगत होती, सकाळची कुठली, रात्रीची कुठली, आणि बोलताबोलता न बघता मागच्या खणातून दुसऱ्याची बाटली काढत होती. मिठूला बघून तिनं मानेनंच आत जायला सांगितलं. आत खोक्यांच्या चळतीत एक स्टूल होतं. मिठू त्यावर बसली. बऱ्याच वेळानं आई आली, पदरानं मान पुसत.

“काय गं? आणि कपाळाला काय झालं?”

“ब्रेक लागला. आई, बाबांना बाजूचं दिसत नाही.”

आईनं मागे वळून दाराचा पडदा ओढला.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

मिठू स्टुलावरून अर्धवट उठली.

“गेल्या वर्षी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या शर्टाच्या खिशात थेंबांची बाटली सापडली. माझ्या दुकानातून नाही घेतली. पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणली. मी दिवसाला अशा चार बाटल्या विकते, मला काय ओळखू येणार नाही? काचबिंदूची. मी विचारलं तर म्हणाले, डोळे कोरडे पडतात. मी म्हटलं, बरं.”

“मग तू काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? गाडी बंद करा म्हणू? गाडीतून उतरले तर तो माणूस काय करेल दिवसभर? घरात दाराच्या चौकटींना धडकत बसेल? पंधरा दिवसांत खंगतील गं ते.” आई एका खोक्यावर टेकली. “थेंबांनी आहे तेवढं टिकतं. गेलेलं परत येत नाही.”

“म्हणजे वरच्यांच्या फरशांमुळे गाडीत बस म्हणालीस ते...” मिठू म्हणाली आणि थांबली.

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. स्टुलाखाली पडलेली गोळ्यांची रिकामी पट्टी तिनं उचलली आणि घडी घालत राहिली. “तू मागे बसतेस म्हणून मी इथे दिवसभर उभी राहू शकते,” ती म्हणाली. “नाहीतर रस्त्यावर कुठे गर्दी जमलेली दिसली तरी काउंटर सोडून बाहेर धावले असते मी.”

“माझी परीक्षा होती, आई.”

“मला वाटलं, तुला काय, तुला दोन्ही जमेल. तू हुशार आहेस.” पट्टीची घडी आता इतकी लहान झाली होती की आणखी होईना. “एक वर्ष दे. पुन्हा बस परीक्षेला. तोवर काहीतरी होईल.”

“काय होईल?”

बाहेरून कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवलं. आई उठली.

“आले हो,” असं म्हणत ती पडद्याबाहेर गेली.

गुरुवारी सकाळी मास्तर गाडी धूत होते. बाईंनी फोन करून गुडघ्याचं कारण सांगितलं होतं आणि ती वेळ मोकळी झाली होती. मास्तर फडक्यानं बॉनेट पुसत होते, शिट्टी वाजवत. मिठू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली.

“बाबा, मी त्या कॉलेजला गेले तर?”

“कुठल्या? त्या लांबच्या?” त्यांनी फडकं पिळलं. “जाशील की. कोण अडवतंय? पण आयुष्यभर मनात राहील तुझ्या. मला विचार. माझ्या वेळी मला इंजिनाच्या शाळेत जायचं होतं. पहिल्या खेपेला नाही मिळालं. घरचे म्हणाले, पुरे आता. मीही म्हटलं, पुरे. दुसऱ्यांदा बसलो असतो तर मिळालं असतं, हे आजही रोज गाडी सुरू करताना वाटतं मला. रोज, बरं का.”

“तिथेही गणितच शिकवतात.”

“गणित सगळीकडे शिकवतात. तू कुठे शिकतेस ते बघतात लोक.” ते फडकं भिजवायला वाकले. बादली त्यांच्या डाव्या हाताला होती. त्यांनी समोरच्या फरशीवर हात फिरवला, मग आणखी थोडा. मिठूनं पायानं बादली त्यांच्या पुढ्यात सरकवली. त्यांनी फडकं बुडवलं.

“बाबा, डोळ्यांचं काय?”

“काय डोळ्यांचं?”

“पुन्हा दाखवू या का कुणाला?”

“कोरडे पडतात, दुसरं काही नाही. धुळीत जन्म गेला, पडणारच.” त्यांनी मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. “तू माझी काळजी करू नकोस, मिठू. माझं काय व्हायचं ते झालंय. तुझं व्हायचं आहे अजून. तुझ्या मार्कांवर माझा विश्वासच नाही. ते तुझे मार्क नाहीतच.”

ते खरं बोलत होते. मिठूला रडू आलं ते त्यामुळेच. तिनं गुडघ्यात डोकं घातलं, आणि तिनं ते आत्ताच का घातलं हे मास्तरांना कळलं नाही. ते पुन्हा शिट्टी वाजवायला लागले.

तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला. ती गेली तर हे असेच समोर बघत राहणार, आणि डावीकडून कुणीतरी शिडी घेऊन उतरणार. ती राहिली तर मागच्या सीटवर पुस्तक उघडून बसणार, पुस्तक तसंच राहणार, आणि पुढच्या वर्षी हॉलमध्ये पुन्हा कुणाच्या तरी पेनाचं टोपण पडणार. दुसऱ्या खेपेचे मार्क पहिल्या खेपेहून वेगळे येतील असं तिला एका क्षणासाठीही वाटलं नाही. राहायचं ते मार्कांसाठी नव्हतंच.

शुक्रवारी दुपारी तिनं मोबाइलवर लांबच्या कॉलेजची जागा सोडली. ‘नक्की?’ असं मोबाइलनं विचारलं. तिनं नक्की म्हटलं. मग पुन्हा परीक्षेसाठी नाव नोंदवलं. सगळं मिळून चहा उतू जायलाही पुरला नसता इतका वेळ लागला. वसतिगृहाच्या खोलीचा फोटो पुसून टाकायला त्याहून जास्त.

संध्याकाळी मास्तर आइस्क्रीमचा डबा घेऊन आले. ते इतके खूश होते की दारात शिरताना चौकटीला लागलेला खांदाही त्यांनी चोळला नाही.

“मला माहीत होतं!” ते आईला म्हणाले. “माझी पोर अशी मैदान सोडणार नाही.”

आईनं वाट्या काढल्या. मिठूच्या वाटीत तिनं सगळ्यांत जास्त आइस्क्रीम वाढलं आणि तिच्याकडे न बघता पाठीवरून एकदा हात फिरवला. मिठूनं ते सगळं खाल्लं. बाबा पुढच्या वर्षीबद्दल बोलत होते, मोठ्या कॉलेजच्या फाटकापर्यंत गाडी कशी न्यायची, कुठल्या रस्त्यानं. ती हो हो म्हणत राहिली. निदान आता ठरलंय, असं तिला वाटत होतं, आणि त्या वाटण्यात सुटकेसारखं काहीतरी होतं. निदान बाबांना कुणी धडकणार नाही, आणि ते कुणाला.

सोमवारी बाईंच्या वेळेत नवी शिकाऊ येणार होती, फुलांच्या दुकानात काम करणारी मुलगी. धीट होती. फोनवरच म्हणाली होती, “मला आठवड्यात शिकायचंय, मला भीतीबीती वाटत नाही.” खालून “मास्तर!” अशी तिची हाक आली. ती येऊन थांबली होती. मिठूनं प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि दाराशी आली. मास्तर किल्ली शोधत होते. आई दुकानात जायच्या तयारीत डबा भरत होती.

“तू कुठे?” मास्तर म्हणाले.

“गाडीत.”

“छे छे. आजपासून ते बंद.”

मिठूला वाटलं, ते थट्टा करतायत.

“मी फार विचार केला,” मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, प्रेमानं, आणि टेबलावर नेऊन ठेवली. “तुझे मार्क गेले ते माझ्यामुळे. गाडीत काय अभ्यास होतो का? तुझं लक्ष असतं रस्त्यावर. डावीकडे हे आलं, उजवीकडे ते आलं, तोंड म्हणून मिटत नाही. मी आपला गप्प बसायचो. म्हटलं पोरीला सोबत आवडते, बसू दे. पण ते माझं चुकलं. बाप म्हणून मीच तुला घरी बस म्हणायला हवं होतं.”

“बाबा, मला गाडीत बरं वाटतं. खरंच.”

“बरं वाटण्याचा प्रश्न नाही. वर्ष आहे हातात. एक वर्ष मी तुला रस्ता दाखवणार नाही म्हणजे नाही.” त्यांना किल्ली सापडली. ती त्यांच्या पुढ्यातच, टेबलाच्या मधोमध होती. “बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी येऊन विचारेन, काय काय झालं ते.”

आईचा डबा भरणारा हात थांबला होता. मिठूनं तिच्याकडे पाहिलं. आईनं तोंड उघडलं.

“अहो,” ती म्हणाली.

“काय?”

मास्तर वळले. चेहरा आनंदानं फुललेला, एका हातात किल्ली. आई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“सावकाश जा,” ती म्हणाली.

“सावकाशच जातो मी. जन्मभर सावकाशच गेलोय.”

त्यांची पावलं जिना उतरत गेली. खाली गाडीची दारं एकापाठोपाठ एक लागली. नव्या मुलीचं मोकळं हसू वरपर्यंत ऐकू आलं. इंजिन सुरू झालं, एकदा दचकलं, मग नीट लागलं. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

आईला दुकानात जायला उशीर होत होता. तिनं मिठूची पिशवी उघडली, प्रश्नपत्रिका काढून टेबलावर मांडल्या, खुर्ची ओढून दिली.

“बस,” ती म्हणाली. “निदान एक तरी सोडव.”

मिठू बसली. तिनं पेनाचं टोपण काढलं. आई तिच्या मागे उभी राहिली, डबा हातात धरून, जायची निघाली होती तशीच. रस्त्यावरचा सगळा आवाज आत येत होता. खिडकी मात्र दोघींपैकी कुणीच लावून घेतली नाही.